कडं दिसेपर्यंत

कॅमेरा अजून पिशवीतच राहू द्या. आधी नीट बसा.

जालना एमआयडीसीतली एक रोलिंग मिल आणि तिच्या कडेची टेस्टिंगची खोली. खोली लहान आहे. एका भिंतीला सळई ओढून तोडणारं यूटीएम मशीन, समोर सिमेंटचा ओटा. ओट्यावर वजनकाटा, व्हर्निअर, पॉलिश पेपरच्या झिजलेल्या पट्ट्या, ॲसिडच्या बाटल्या, हात पुसायचं फडकं. खिडकीच्या जाळीवर काळसर धूळ बसली आहे. तिच्यातून गाळून आलेला सकाळचा उजेड अर्ध्या ओट्यावर पडलाय, उरलेल्या अर्ध्यावर ट्यूबलाइटचा. बाहेर लाल सळई रोलमधून सुटते आणि कूलिंग बेडवर जाऊन आपटते. पायाखालची फरशी बारीक थरथरते आहे. तळपायांना ती थरथर जाणवू द्या. ती आपल्याला शेवटी लागणार आहे.

आता ओट्यावरचा एक तुकडा उचला. बारा एमएमच्या सळईचा काप आहे हा, पेरूच्या फोडीएवढा लांब. अंगठा बाजूनं फिरवा. तिरक्या बरगड्या लागतील. काँक्रीट धरून ठेवायचं काम त्या करतात. आता अंगठा कापलेल्या तोंडावर आणा. तिथं काहीच लागत नाही. आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक कागदावर घासून हे तोंड काचेसारखं गुळगुळीत केलंय. मग त्यावर नायटल लावलंय, म्हणजे स्पिरिटात मिसळलेलं थोडंसं नायट्रिक ॲसिड. काही सेकंद थांबून धुतलंय, पुसलंय.

तोंड खिडकीकडे करा आणि नुसतं बघा. घाई करू नका. डोळ्याला थोडा वेळ लागतो.

आधी नुसता करडा ठिपका दिसेल. तुकडा किंचित तिरका करा. आणखी किंचित. आता कडेनं एक गडद कडं उमटलेलं दिसतं का? आत फिकट करडा गाभा, बाहेर गडद करडं कडं, आणि दोन्हींच्या मधे एक धूसर पट्टी, जिथं एक संपून दुसरं कुठं सुरू होतं ते नक्की सांगता येत नाही. या कड्यासाठीच आपण इथं बसलो आहोत.

मराठवाड्यातल्या गावागावांत भिंतींवर टीएमटी ही तीन अक्षरं रंगवलेली असतात. त्या अक्षरांचा सगळा अर्थ या कड्यात आहे. भट्टीत वितळलेल्या भंगाराची बिलेट होते, बिलेट तापवून रोलमधून काढली की तिची सळई होते. शेवटच्या रोलमधून सुटते तेव्हा ती साधारण हजार अंश सेल्सिअसला असते. तशीच ती पाण्याच्या नळ्यांतून जाते. पाण्याचा जोराचा मारा तिची साल क्षणात थंड करतो आणि ती साल कडक होते. धातूशास्त्रात तिला मार्टेन्साइट म्हणतात. पण आतला गाभा अजून लाल असतो. सळई पाण्यातून बाहेर आली की गाभ्याची ऊब हळूहळू सालीपर्यंत पोचते आणि तिचा ठिसूळपणा काढून घेते. कडक साल, मऊ गाभा. भूकंपात खांब वाकतो पण सळई पटकन तुटत नाही, त्यात या जोडीचा मोठा वाटा आहे. साल सगळीकडे सारख्या जाडीची हवी, कुठं तुटलेली नको. नायटल लावतात ते हेच बघायला, आणि फोटो काढतात तो हे दुसऱ्याला दाखवायला.

मी पहिल्यांदा असा फोटो काढला तेव्हा जवळ गेलो, फ्लॅश मारला. तोंड आरशासारखं चमकलं आणि फोटोत एक पांढरी टिकली आली. लॅबमधल्या मुलानं फोटो बघितला, तुकडा बघितला आणि शांतपणे विचारलं, "सर, याच्यात रिंग कुठंय?" मग मी उजेड एवढा कमी केला की कडं आणि गाभा दोन्ही काळ्यात बुडाले. दोन्ही फोटोंत सळई होती, कडं एकातही नव्हतं. तेव्हापासून एक्स्पोजर हा शब्द ऐकला की मला आकडे आठवत नाहीत, त्या मुलाचा प्रश्न आठवतो.

आता कॅमेरा काढा. पण डोळ्याला लावू नका. मांडीवर ठेवा आणि थोडा वेळ त्याच्या आतल्या मीटरचा विचार करू.

मीटरला सळई माहीत नाही. त्याला कापूस माहीत नाही, माणसाचा चेहराही माहीत नाही. समोरून किती उजेड परत आला एवढंच तो मोजतो. समोरची वस्तू मध्यम करडी आहे, आलेल्या उजेडातला सुमारे १८ टक्के उजेड परत पाठवणारी आहे, असं तो धरून चालतो. मग ती वस्तू तशी दिसेल इतकाच उजेड आत घ्यायला सांगतो. दूरच्या दृश्यात हे बहुतेक वेळा खपून जातं. आभाळ असतं, झाड असतं, रस्ता असतो, माणसं असतात. उजळ आणि गडद एकमेकांना सांभाळून घेतात. जवळ गेलं की सांभाळून घेणारं कुणी उरत नाही. सगळी चौकट एकाच वस्तूनं भरते आणि त्या वस्तूचा जो रंग, त्याच्यावर मीटर फसतो.

मनातल्या मनात कापसाचं एक बोंड समोर ठेवा. जालना जिल्ह्यात ते शोधायला लांब जावं लागत नाही. पूर्ण उमललेलं, पांढरंशुभ्र. चौकट त्यानं भरून टाका आणि मीटर सांगेल तसा फोटो काढा. कापूस अवकाळीत भिजल्यासारखा मळकट येईल. मीटरला वाटलं, उजेड फार झाला. त्यानं कमी केला. तुम्हाला त्याचं न ऐकता दीड-दोन स्टॉप वाढवावे लागतील. स्टॉप म्हणजे उजेडाची एक पायरी: एक पायरी वर गेलं की उजेड दुप्पट, एक खाली आलं की निम्मा.

आता त्याच बोंडातली सरकी घ्या. ॲसिडनं लव काढलेली, काळपट तपकिरी. चौकट तिनं भरा. मीटर म्हणेल अंधार आहे, वाढवा. वाढवलंत की काळी सरकी राखेच्या रंगाची होईल आणि तिच्या कवचावरची बारीक शीर पुसली जाईल. इथं एक-दीड स्टॉप कमी करायचा. एकाच बोंडाची दोन लेकरं, आणि दोघांसाठी मीटरला उलट उलट दिशांना दुरुस्त करावं लागतं.

आणि भेंडीचं बी? मिरीएवढं, हिरवट करडं. ते समोर असलं तर मीटरचं म्हणणं जवळजवळ बरोबर निघतं, कारण ते बी मुळातच मध्यम करडं आहे. या बियाला जालन्यात वेगळा मान आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी बियाण्याच्या कामाला सुरुवात केली ती भेंडीच्या पुसा सावनी या वाणापासून. १९६४ साली त्यांनी इथं महिको कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. सळई आणि बियाणं, या दोन धंद्यांवर हे शहर उभं आहे. दोन्हींच्या प्रयोगशाळांत हातभर अंतरावरून बारीक बघणारी माणसं रोज बसलेली असतात, एक कड्याची जाडी बघतं तर दुसरं अंकुराची लांबी.

पिशवीतल्या विकतच्या सरकीचं आणखी एक वेगळंच आहे. तिला औषध लावलेलं असतं आणि ते ओळखू यावं म्हणून भडक रंग दिलेला असतो, पुष्कळदा गुलाबी. अशा बियाचा फोटो स्क्रीनवर ठीक दिसतो, एकत्र हिस्टोग्रामही, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेखही, ठीक दिसतो, पण लाल रंगाचा वेगळा हिस्टोग्राम उघडला तर तो उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला सापडतो. म्हणजे लाल आधीच जळाला. बियाच्या अंगावरचे सगळे उंचवटे एका सपाट गुलाबी डागात बुडाले. भडक रंगाच्या कुठल्याही लहान वस्तूपाशी एकेका रंगाचा आलेख वेगळा बघायची सवय लावून घ्या.

परत सळईकडे या. तुकडा ओट्यावर ठेवा, चिकणमातीच्या किंवा कणकेच्या गोळ्यात रोवून, तोंड वर. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा आणि लेन्स बरोबर त्याच्या डोक्यावर आणा. तोंड आणि सेन्सर एकमेकांना समांतर हवेत. इथं घालवलेली पाच मिनिटं पुढं अर्धा तास वाचवतात.

आता हळूहळू जवळ जा. कड्याच्या दिशेनं लेन्स पुढं सरकते आहे, आणि ती जशी सरकते तसा एक बदल होतो आहे जो डोळ्याला जाणवत नाही: आत पोचणारा उजेड कमी होतोय. ओट्यावर उजेड तेवढाच आहे. खिडकी तीच आहे. तरी कमी होतोय.

एक तांब्या पाणी वाटीत ओता. वाटी काठोकाठ भरेल. तेवढंच पाणी परातीत ओता. तळ नुसता ओला होईल. टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेल्या माणसाला हा हिशेब समजवावा लागत नाही. जवळ जाताना लेन्स सेन्सरपासून दूर सरकते, तिच्यातून येणारा उजेड जास्त जागेवर पसरतो आणि सेन्सरच्या वाट्याला पातळ होऊन येतो. बारा एमएमची सळई सेन्सरवरही बाराच एमएम पडली, म्हणजे एकास एक झाली, की लेन्सचं सेन्सरपासूनचं अंतर दुप्पट झालेलं असतं आणि उजेड पाव उरतो. दोन स्टॉप गेले. निम्म्या आकारावर थांबलात तर साधारण सव्वादोनपट उजेड लागतो. हिशेब सोपा आहे: आकाराच्या पटीत एक मिळवा आणि त्याचा वर्ग करा.

हातात धरायच्या मीटरवर आणि फिल्मवर काम करणाऱ्यांना हा गुणाकार प्रत्येक फोटोला करावा लागायचा. तो विसरला की रोल धुऊन आल्यावर सगळ्या निगेटिव्ह पातळ निघायच्या. आताचे कॅमेरे लेन्समधूनच उजेड मोजतात, त्यामुळे ही घट ते आपोआप धरतात. काही कॅमेरे तर जवळ गेल्यावर ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या भोकाचा, आकडाही बदलून दाखवतात. तरी हे मनात पक्कं असावं असं मला वाटतं. कारण एफ ८ लावून तुम्ही एकास एकवर पोचलात तर प्रत्यक्षात एफ १६ वर बसलेले असता. आणखी खोलवरचं स्पष्ट दिसावं म्हणून एफ २२ केलंत तर ते एफ ४४ होतं, आणि इतक्या बारीक भोकातून आलेला उजेड स्वतःच पसरून सगळं मऊ करून टाकतो. कडं आणि गाभा यांच्यामधली ती धूसर पट्टी आणखी धूसर होते. तोंड सपाट आहे, समांतर आहे. एफ ८ पुरे.

मग कमी पडलेला उजेड भरून कुठून काढायचा? वेळातून. आयएसओ १०० वर ठेवा आणि शटर उघडं राहू द्या, अर्धा सेकंद, एक सेकंद. सळईला कुठं जायचं नाही. वाऱ्यावर डुलणाऱ्या फुलापाशी ही चैन करता येत नाही.

थोडं थांबा. स्क्रीनवर बघू नका, तुकड्यावर बघा. त्यावर काळी सावली पडली आहे. ती तुमच्याच लेन्सची आहे. इतकं जवळ गेल्यावर बघणाराच उजेडाच्या आड येतो. आणि गुळगुळीत लोखंड आरसा आहे. त्याच्या समोर काळी लेन्स असेल तर ते काळं दिसेल, समोर बल्ब असेल तर पांढरं जळेल. म्हणून त्याच्यासमोर जे ठेवायचं ते ठरवून ठेवा. ट्यूबलाइट बंद करा, दोन उजेडांचे दोन रंग एकमेकांत नकोत. ती चालू ठेवायचीच असेल तर शटर १/१०० पेक्षा जलद नको, कारण आपल्या विजेवर ती सेकंदाला शंभरदा लुकलुकते आणि फोटोत पट्टे येतात. खिडकीच्या बाजूला बटर पेपर ताणून लावा. समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा करा. उजेड आता तिरका येतोय, मऊ येतोय, दोन्हीकडून येतोय. बघा, कडं परत उमटलं.

हात धुतलेत का? फडक्याला पुसून तळहात तुकड्याशेजारी धरा, त्याच उजेडात, वर तोंड करून. सकाळी उठल्यावर आधी तळहात बघायची रीत आपल्या घरांत आहे. आता तसंच बघा. चेहऱ्याचा रंग माणसागणिक कितीही बदलला तरी तळहाताच्या उजळपणात तेवढा फरक पडत नाही. तो मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. मीटरनं तळहात मोजा आणि त्यानं सांगितलं त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्या. सळईचा चमकता चेहरा मीटरला फसवतो, तळहात सहसा फसवत नाही. उजेड मापायचं करडं कार्ड घरी राहिलं तरी हे माप बरोबर असतं.

हातात कॅमेरा नसून मोबाइल असेल तर स्क्रीनवर कड्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथंच पक्का होईल. मग बोट खाली सरकवून, शुभ्र ठिपका मावळेपर्यंत उजेड उतरवा. मात्र एक कळकळीनं सांगतो. फोटो आपोआप खुलवणारे जे पर्याय मोबाइलात असतात, ते इथं बंद ठेवा. ते गडद आणखी गडद करतात, कडा धारदार करतात, धूसर पट्टी खाऊन टाकतात. कडं आहे त्यापेक्षा पक्कं दिसू लागतं. लग्नाच्या फोटोत चालेल. या फोटोवर भरवसा ठेवून कुणीतरी स्लॅब ओतणार आहे.

आता शेवटचा निर्णय तुमचा. हिस्टोग्राम उघडा. त्याचा डोंगर मधे कुठंतरी आहे. उजव्या भिंतीला टेकलेलं एक टोक दिसतंय का? ती बरगडीच्या कडेवरची चमक आहे. ती जळाली तरी चालेल. पण फिकट गाभा जळता कामा नये, आणि गडद कडं बुडता कामा नये. काय गमवायला तुम्ही तयार आहात आणि काय नाही, हे मीटर कधीच ठरवणार नाही. शंका असेल तर उजळ बाजू वाचवा: गडदात दडलेलं थोडंफार वर ओढता येतं, पूर्ण पांढरं झालेलं परत आणता येत नाही.

इतक्या धीरानं एका लहान वस्तूसमोर बसणारे आपल्याकडे आधीही झाले आहेत. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकलेले. १९१२ साली ते लंडनहून परतले, आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले. समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज चौकटी टिपल्या. अंकुर फुटतो, वर येतो, वेल होतो, हे सगळं पडद्यावर भराभर दिसायचं. पैसे लावणाऱ्यांना त्या वाटाण्यानं पटवलं. त्याआधी डोळ्यांच्या आजारानं फाळक्यांना काही काळ दिसेनासं झालं होतं, उपचारांनी नजर परत आली होती. त्या कुंडीची मला वरचेवर आठवण येते. रोजचा उजेड वेगळा, आभाळ वेगळं; आणि एका दिवसाची चौकट जरा उजळ, दुसऱ्या दिवसाची जरा काळी झाली तर पडद्यावर वेल लुकलुकत वाढणार. तिथं एक्स्पोजर बरोबर येणं म्हणजे महिनाभर रोज तेच एक काम तितक्याच मनानं करणं.

आता तळपायांकडे या. फरशी अजून थरथरते आहे. डोळ्याला ही थरथर दिसत नाही, पण एकास एकवर केसाएवढा हेलकावाही कडं पुसून टाकतो. शटर एक सेकंद उघडं राहणार आहे. म्हणून थांबा. पाळी बदलायची वेळ होत आली आहे. टायमर दोन सेकंदांवर लावा, म्हणजे बटण दाबताना बोटाचा धक्का बसणार नाही. हात मांडीवर ठेवा. श्वास आत, श्वास बाहेर. बाहेरची शेवटची सळई बेडवर आपटली. भोंगा झाला. फरशी शांत होते आहे. अजून थोडं. झाली.

दाबा.

शटर उघडण्याचा आवाज, मग एक सेकंद, मग बंद होण्याचा. स्क्रीनवर मोठं करून बघा. गाभा फिकट, पण जळलेला नाही. कडं गडद, पूर्ण, अखंड. पूर्ण फिरून बघा, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. बारा वाजता ठीक. तीन वाजता ठीक. सहा, सात, आठ... नवाच्या सुमाराला कडं पातळ झालंय. फार नाही, पण झालंय. डोळ्यांना तुकड्यावर हे दिसलं नव्हतं.

लॅबमधला मुलगा खांद्यावरून वाकून बघतो. स्क्रीनवर नवाच्या जागी नख टेकवतो. "पाणी त्या बाजूनं कमी पडतंय, सर," म्हणतो. तुकडा कणकेतून उपटून हातात घेतो आणि नवी पाळी सुरू व्हायच्या आत पाण्याच्या नळ्यांकडे निघतो.